कल्पनेतला गाव वसवायचाय? आधी बांध घाला, राजा नंतर बघू

नकाशा काढून झालाय, डोंगर, नद्या, तीन राज्यं, सगळं रंगवून. राजघराण्याची वंशावळ तयार आहे, आकाशात चंद्र दोन आहेत हेही ठरलंय, एका जमातीची लिपीसुद्धा अर्धी करून ठेवलीय. फक्त गोष्ट नाहीये. फाईल उघडली की "फार फार वर्षांपूर्वी" एवढं लिहून हात थांबतो आणि माणूस परत जाऊन नकाशात अजून एक बेट काढतो.

असे लिहिणारे मला गोव्यात बरेच भेटतात, बहुतेक कॉलेजातले, काही नोकरीवाले, एकदोन निवृत्त शिक्षिकाही, आणि सगळ्यांचा प्रश्न तोच असतो, की काल्पनिक जग खरं वाटायला अजून काय काय ठरवावं लागेल? मी म्हणते, अजून काही ठरवू नका, उलट ठरवलेलं निम्मं बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट धरून तिच्या मागे लागा. हे ऐकून चेहरे पडतात. पण खरंच, वाचकाला तुमच्या जगाची सगळी माहिती नको असते, त्याला तिथली माणसं कशावरून भांडतात ते हवं असतं. आणि भांडणं हवेत होत नाहीत, ती पाण्यावरून, जमिनीवरून, मानपानावरून होतात. हे सगळं शिकायला आपल्याला परदेशी फँटसी वाचत बसायची गरज नाही (वाचा, मजा येते, पण तिथला बर्फ आणि किल्ले उचलून पेडण्यात आणू नका). गोवा हीच केवढी मोठी वही आहे.

ज्यांनी अजून एकही कथा पूर्ण केलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रमाने करा, निदान पहिल्या दोन पायऱ्या तरी गाळू नका.

पायरी १: पोट आणि पाणी

तुमच्या जगातली माणसं रोज काय खातात, ते कुठून येतं आणि ते बंद कशाने पडेल, हे आधी लिहून काढा. एक पान पुरे.

उदाहरणाला आपली खाजन शेती घ्या. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या लोकांनी मांडवी-जुवारीच्या काठच्या खाऱ्या चिखलात माती, पेंढा, जांभा दगड वापरून बांध घातले आणि भरतीच्या पाण्याकडून जमीन सोडवून घेतली. बांधाच्या आत भात, तेही कोरगुटासारखं खारं सोसणारं, आणि पावसाने जमिनीतलं मीठ धुतल्यावरच ते लावायचं. बांधाला एक दार असतं, त्याला मानस म्हणतात. लाकडी फळ्या असतात त्याला. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. म्हणजे मोटर नाही, वॉचमन नाही, चंद्रच दार लावतो आणि चंद्रच उघडतो. असल्या जादूपुढे तुमचे उडते घोडे काय करणार सांगा! पाणी बाहेर पडताना तोंडाला जाळं लावलं की सुंगटं, शेवटे, कुर्ल्या मिळतात, अमावस्या-पुनवेच्या उधाणाला जास्तच, म्हणून त्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी निघते.

आता यात भांडण कुठे आहे ते बघा. ज्याने पावणी घेतली त्याला खारं पाणी जरा जास्त आत यायला हवंय, कारण पाण्याबरोबर मासळी येते. ज्याचं भात आहे त्याला तेच पाणी नकोय, कारण एकदा मीठ मुरलं की वर्ष गेलं. एकच दार, दोन पोटं. हे भांडण मी बनवलेलं नाही, खाजन असलेल्या गावांत ते खरोखर होतं आणि त्यात माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

इथवर सगळं खरं. आता यात एकच गोष्ट बदला, दोन नाही, एकच. समजा आपण खारबेट नावाचा गाव वसवला. तिथलं दार आपोआप मिटत नाही, माणसाला फळी टाकावी लागते. त्या माणसाला म्हणू कवाडी. आणि नियम असा की कवाड्याला स्वतःची जमीन ठेवता येणार नाही, म्हणजे तो कुणाच्या बाजूने झुकणार नाही.

झालं, आता फक्त "मग?" विचारत सुटायचं, आजीच्या गोष्टीत पोरं विचारतात तसं. जमीन नाही, मग? मग कवाड्याच्या घरात भात विकत किंवा मागून येणार. मग? मग कापणीला प्रत्येक घराने त्याला वाटा द्यायची पद्धत पडणार, आणि वाटा थोडा कमी दिला की त्या घराने निषेध नोंदवला असा अर्थ होणार. मग? मग त्याच्या पोरीला स्थळं येणार नाहीत, कारण जमीन नसलेल्या घरात सोयरीक कोण करतो, म्हणजे कवाडी लोक आपसातच लग्न करणार, चार गावचे कवाडी एकमेकांचे मेहुणे-साडू निघणार, आणि मग एक दिवस गावाच्या लक्षात येणार की आपल्या सगळ्यांच्या पाण्याची चावी एकाच गोतावळ्याच्या हातात आहे. बघा, कुठे होतो आणि कुठे आलो! जात तयार झाली, सत्ता तयार झाली, आणि नकाशाला आपण अजून हातही लावलेला नाही.

तीन वेळा "मग?" विचारलंत की सहसा काहीतरी सापडतं. पहिल्या उत्तरावर थांबू नका, ते सगळ्यांना सुचतं.

पायरी २: कुणाच्या हातात काय

हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो. जमीन कुणाची, वारसा कुणाला, कर कोण घेतो, आणि म्हणूनच बहुतेक नवख्यांच्या कथेत एक राजा, एक दुष्ट मंत्री आणि "जनता" असते. जनता नावाचं कोणी नसतं हो. आपल्याकडे गावकारी होती, पुढे तिला कोमुनिदाद म्हणायला लागले, गावची जमीन मूळ घराण्यांच्या सामाईक मालकीची आणि त्या घराण्यांतल्या पुरुषांना दरवर्षी जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा. आता विचार करा, त्याच गावात पिढ्यानपिढ्या राहणारे पण गावकार नसलेले लोक काय म्हणत असतील? आणि गावकाराच्या घरातली मुलगी? इथे तीन कथा तयार आहेत.

तसंच भाटकार आणि मुंडकार. भाटकाराच्या जमिनीत मुंडकाराचं घर, घर त्याचं पण खालची माती दुसऱ्याची. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना घरातून काढून टाकण्यापासून संरक्षण दिलं, त्याआधी काय काय नात्यांचे पीळ असतील. एकाच अंगणात नारळ पडला तर तो कुणाचा, एवढ्या प्रश्नावर चांगला लेखक वीस पानं लिहील.

आणि वारसा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून मुलगा-मुलगी दोघांना हक्क आहे आणि घर विकायचं तर जोडीदाराचीही संमती लागते. कागदावर किती छान! पण मग तिसऱ्या पिढीत एका घराचे तीसेक वारस होतात, कोण लिस्बनला, कोण मुंबईला, कोण कुणाशी बोलत नाही, आणि घराला कुलूप लागून छपरातून पिंपळ वर येतो. असली घरं कुठल्याही गावात दिसतील. म्हणजे न्याय्य नियमातूनसुद्धा पडकी घरं तयार होतात. तुमच्या काल्पनिक कायद्यालाही असा एक उलटा परिणाम द्या, चांगल्या हेतूने केलेला नियम कुणाला तरी चिरडतोय असं दाखवा, आपलं जग लगेच खरं वाटायला लागतं. वाईट हेतूचे वाईट नियम काय कोणीही लिहितं.

पायरी ३: देव, देवचार आणि राखणदार

नवखे लेखक देवांचा तक्ता करतात, युद्धाचा देव, प्रेमाची देवी, समुद्राचा देव, सरकारी खात्यांसारखं. आपल्या गावात असं कधी असतं का? आपले देव नातेवाईक असतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय, अशा सात बहिणी आणि खेतोबा हा एकुलता भाऊ, लईराईने रागाच्या भरात भावाला लाथ मारली आणि पश्चात्तापाने निखाऱ्यांतून चालायचं ठरवलं असं सांगतात, म्हणून आजही जत्रेला धोंड, म्हणजे तिचे व्रत धरलेले भक्त, उपास करून होमकुंडातून जातात. आणि या बहिणींतली एक म्हणजे म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, चर्चमधली! ही गोष्ट एखाद्याने फँटसीत लिहिली असती तर वाचक म्हणाले असते काहीही हं.

यातून घ्यायचं ते हे, की देवाला पत्ता द्या, नातं द्या, एक जुना राग द्या.

देव प्रवासही करतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं मोडायला घेतली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला, १५६० साली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. रात्री होडीत देव घालून नदी पार करणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. ज्या गावातून देव गेला त्या गावातल्या, मागे राहिलेल्या माणसाचं काय? ज्या गावात देव आला तिथे आधीचा देव होताच, त्याचं काय? तुमच्या जगात युद्ध दाखवायचं असेल तर तलवारी राहू देत, देव हलवायची रात्र लिहा.

आणि अगदी खालच्या पातळीवरचे विसरू नका. सातेरी देवी वारुळात असते. देवचार शिवेवर असतो, खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, त्याला रोट लागतो, सोरो (दारू) लागतो, विडी लागते. देवाला काय आवडतं हे ठरवताना कमळ आणि चंदन नको, विडी द्या. एका विडीने राखणदार जितका जवळचा होतो तितका चार ओळींच्या मंत्राने होत नाही.

एक काळजी मात्र घ्या. गावातल्या सगळ्यांचा सारखाच विश्वास नसतो. देवीला कौल लावला, मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली की होकार. आता देवळात उभ्या असलेल्यांत एक जण डोळे मिटून उभा असेल, एकाला पाकळी नीट चिकटवलेली नव्हती असं वाटत असेल, आणि एक जण फक्त आई आजारी आहे म्हणून आला असेल. तिघेही दाखवा. सगळी जमात एकसुरात विश्वास ठेवते असं लिहिलं की ती माणसं न राहता बाहुल्या होतात.

पायरी ४: सण कुठून आला ते लिहा

सण म्हणजे ढोल, मशाली आणि नाचणाऱ्या तरुणी एवढंच लिहून भागत नाही. चांगल्या सणाच्या पोटात एक जुनं भांडण किंवा जुनी लाज असते. दिवाडीला ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां होतो, वाड्यावाड्यांमध्ये हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून पोर्तुगीजांनी झेंडे रोवून हद्दी ठरवल्या, लोकांनी ते झेंडे पाडले, आणि आज त्याची मिरवणूक निघते, पोरं बांबूच्या फोटाशीतून बिया मारत हिंडतात. दुसरीकडे सत्तरीत झर्म्याला शिगम्यात चोरोत्सव होतो, माणसं चोर होऊन जमिनीत अर्धी पुरून घेतात, कारण गावाने कधीकाळी निरपराध वाटसरूंना चोर समजून मारलं होतं असं सांगतात. एका गावाने भांडणाचा खेळ केला, दुसऱ्याने अपराधाचं व्रत केलं.

तुमच्या गावाने काय केलंय ज्याची त्याला लाज वाटते? ते सापडलं की सण आपोआप सुचतो. खारबेटात समजा वर्षातून एक रात्र कवाड उघडं ठेवतात आणि सगळे बांधावर उपाशी बसतात, कारण एकदा कवाड्याचं सगळं घर गावाने बुडू दिलं होतं. आता हे लहान पोरांना माहीत नाही, त्यांना फक्त रात्रभर जागायची मजा वाटते. एवढं पुरे.

पायरी ५: ताटातली आणि तोंडातली चूक

ही छोटी पायरी आहे पण इथे फार जण आपटतात. जुन्या कोकणासारखं काल्पनिक राज्य, पोर्तुगीज यायच्या आधीचं, आणि सैनिक मिरचीचा ठेचा खातायत! मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पपई, पेरू हे सगळं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे सोळाव्या शतकापासून पुढे आलेलं. त्याआधी तिखटाला मिरी होती, तिरफळ होतं, आंबटाला आमसूल होतं. अर्थात तुमचं जग पूर्ण काल्पनिक असेल तर मिरचीही उगवू दे, पण मग ती ठरवून उगवू दे, विसरून नको. आणि बाहेरून आलेली वस्तू ही कथेला उलट फार उपयोगाची असते. काजू ब्राझीलहून आला आणि आज फेणी ही आपली ओळख आहे, २००९ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. परकं फळ किती वर्षांत आपलं होतं? तुमच्या गावात आत्ता कुठलं फळ अजून परकं आहे, म्हाताऱ्या बायका ते नैवेद्यात ठेवू देत नाहीत?

झाडाझुडपांची नावं सुचत नसतील तर चवथीच्या आधी डिचोली किंवा म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान बघायला जा. गणपतीवर बांधायला आणलेली रानफळं, कवंडळ काय, घागऱ्या काय, विकणाऱ्या बायका सत्तरी-सांग्याच्या रानातून आलेल्या, त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या आणि मग विचारा की हे कुठे मिळतं, कधी मिळतं, खातात का. नुसतं विचारत उभं राहिलं तर धंद्याच्या वेळेला कोण उत्तर देईल?

पायरी ६: नावं आणि भाषा

लिपी बनवणं हा मस्त टाईमपास आहे, पण कथेत तिचा उपयोग शून्य. नावं मात्र लागतात. नावांसाठी एक नियम ठरवा आणि तोच पाळा. खारबेटात मूल जन्मलं त्या वेळच्या पाण्यावरून नाव ठेवतात असं ठरवलं तर ओहोटीला जन्मलेली मुलगी सुकती, उधाणाला जन्मलेला मुलगा उधो. लगेच पुढचं सुचतं, की सुकती नावाच्या मुलींना लग्नात अशुभ मानतात, आणि श्रीमंत घरं सुईणीला पैसे देऊन वेळ बदलून सांगायला लावतात. क्झार्थॉन, झेल्द्रिया असली नावं कृपा करून नको, उच्चारताना वाचकाची जीभ अडकते आणि मराठी वाक्यात त्यांना विभक्तीही नीट लागत नाही. "क्झार्थॉनने झेल्द्रियाला" हे मोठ्याने वाचून बघा एकदा.

दुसरं म्हणजे कुठल्या कामाला कुठली भाषा. आपण हे रोज करतो म्हणून लक्षात येत नाही. घरात कोंकणी, पेपर मराठी, कीर्तन मराठी, जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये, मुलांची शाळा इंग्रजीत. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामात वापर ठेवला, त्यावरून काय रणं माजली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. तुमच्या जगात प्रार्थना कुठल्या भाषेत होते, हिशेब कुठल्या, आणि शिव्या कुठल्या? कोर्टातली भाषा गरिबाला येत नसेल तर तिथे एक दुभाषी लागणार, आणि दुभाषी हा पैसे खाऊ शकणारा माणूस आहे. घ्या, कॅरेक्टर मिळालं.

संवादात कोंकणी किती घालायची हे मला फार विचारतात. मी म्हणते निवेदन मराठी ठेवा, संवादात पुण्या-नागपूरच्या वाचकाला अंदाजाने कळेल इतपत कोंकणी बिनधास्त घाला, आणि खाली तळटीप देऊ नका. "किते गे, जेवली?" हे कुणालाही कळतं.

मोजमापंही इथेच ठरवा. मिनिट-सेकंद काल्पनिक गावात विचित्र वाटतात. घटका वापरा (२४ मिनिटांची), प्रहर वापरा, अंतराला "एक विडी ओढून होईपर्यंत" म्हणा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे पाण्यावर जगणाऱ्या गावाचं घड्याळ रोज सरकतं, आणि भटजीचं घड्याळ सूर्यावर चालतं. दोघांचं जुळणार कसं?

पायरी ७: आता माणूस घाला आणि माहिती लपवा

इथपर्यंत तुमच्याकडे सात-आठ पानं नोट्स झाल्या असतील. आता त्यातलं नव्वद टक्के कथेत येणार नाही हे मान्य करा. नियम ठरवलाय ना, मग तो नियम ज्याला सगळ्यात जास्त महाग पडतो तो माणूस शोधा, कथा त्याची. राजाची नाही, नियम बनवणाऱ्याचीही नाही.

पहिल्या ड्राफ्टमध्ये बहुतेक जण असं लिहितात:

"खारबेटावर शेकडो वर्षांपासून कवाडी नावाची प्रथा होती. कवाड्याला जमीन बाळगण्यास बंदी होती, कारण त्याने निःपक्षपाती राहावे अशी पूर्वजांची इच्छा होती. मात्र काळाच्या ओघात श्रीमंत मासळी व्यापारी कवाड्यांवर दबाव आणू लागले."

चूक काहीच नाही, पण हे शाळेचं पुस्तक झालं. आता तेच असं बघा:

सुकतीने फळीला कान लावला. पाणी अजून आत येत होतं.
"बाबा, चंद्र डोक्यावर आला. टाका ना फळी."
बाबा विडी ओढत होते. विडी केव्हाच विझली होती. "वागूशेट म्हणालेत, अजून एक घटका."
"घटकाभरात जानकाकूच्या वाफ्यात मीठ शिरेल."
"आपला आहे का तो वाफा?" बाबा म्हणाले आणि लगेच मागे वळून बांधावर कुणी ऐकलं का ते बघितलं.

जमिनीच्या बंदीबद्दल एक शब्द नाही, तरी कवाड्याने असलं बोलायचं नसतं हे कळतं. वागूशेटचा दबाव कळतो, बापाची भीती कळते, आणि पोरगी पुढे काहीतरी करणार हेही कळतं. विझलेली विडी बघा, तो घाबरलाय असं लिहावं लागलं नाही. जे तुमच्या माणसांना रोजचं आहे ते ती एकमेकांना समजावून सांगणार नाहीत. आपण कधी म्हणतो का, "चल, आपल्या राज्याच्या राजधानीत, म्हणजे पणजीत, जाऊया"?

स्वतःच्या कथेचं पहिलं पान घ्या आणि "शेकडो वर्षांपासून", "अशी प्रथा होती", "या जगात" असले शब्द आलेली वाक्यं खोडा. उरलं त्यात कोणीतरी काहीतरी करत असेल तर ठीक, नसेल तर कथा अजून सुरूच झालेली नाही, दुसऱ्या पानापासून सुरू करा.

पायरी ८: बघायला जा, पण उचलेगिरी नको

रिव्हणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडात कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, माणसं, आणि एक गोल गोल चक्रव्यूहासारखी आकृती. १९९३ साली ती जगासमोर आली. कोरणारे काय बोलायचे ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि म्हणूनच लेखकाने तिथे जाऊन तासभर बसावं. बाणावलीला गोवा चित्र म्युझियममध्ये शेतीची जुनी अवजारं आहेत, नांगराचा एकेक भाग बघून कळतं की कुणाच्या खांद्याला काय ओझं व्हायचं. पणजीत पाटोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था, तिथे गावांचे इतिहास आणि लोकगीतांची पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. पाऊस सुरू असेल तर यापेक्षा बरी जागा नाही.

आता जरा स्पष्ट बोलते. धालो, जागर, गावडे किंवा वेळीप या इथल्या आदिवासी समाजांचे विधी हे जिवंत लोकांचे आहेत. त्यातली एखादी गोष्ट जशीच्या तशी उचलून तुमच्या "रानटी जमातीला" चिकटवणं हे आळशीपणाचं आहे आणि अपमानाचंही. विधी उचलू नका, त्यामागची गरज घ्या. धालोत बायका रात्री मांडावर जमतात, ती जागा त्या रात्रींपुरती त्यांची असते. तुमच्या जगातल्या बायकांना अशी जागा कुठे मिळते, विहिरीवर, मिठागरात, का मेलेल्याच्या घरी? तिथून स्वतःचं काहीतरी बनवा. आणि कुठल्या समाजाच्या जवळ जाणारं लिहिलंच असेल तर त्या समाजातल्या एकाला छापायच्या आधी वाचायला द्या, आणि तो म्हणाला हे खटकतं, तर वाद घालू नका.

पायरी ९: रोजचं लिहिणं

पाच खंडांची मालिका नंतर. आधी दोन-तीन हजार शब्दांची एक कथा, एकच गाव, एकच रात्र, तीन माणसं. ती पूर्ण करा. वाईट झाली तरी पूर्ण करा, कारण शेवट लिहायची सवय ही सुरुवात लिहून येत नाही. रोज दोन-तीनशे शब्द खूप झाले. फेरीबोटीची वाट बघताना मोबाईलवर लिहा, बोलून टाईप करा (कोंकणी शब्दांची तो काय वाट लावतो ते बघून हसायलाही येतं), पण रोज करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायची शिक्षा स्वतःला देऊ नका, तसं केलं की तिसऱ्या दिवशी माणूस लिहायचंच टाळतो.

आपलं लिहिणं टुकार आहे असं मधे वाटणार. बहुतेकांना ते कथेच्या मध्यावर वाटतं, जिथे सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. ते वाटणं म्हणजे तुमचा दर्जा नव्हे, ती जागाच तशी आहे. अशा वेळी मागचं वाचू नका. पुढचा सीन सुचत नसेल तर "इथे सुकती बापाशी भांडते" एवढं लिहून त्याच्या पुढचा लिहा. आणि मराठीत फँटसी कोण वाचतो असं कोणी म्हणालं तर ज्या लोकांनी वारुळात देवी बघितली आणि चर्चमधल्या सायबिणीला लईराईची बहीण केलं त्यांच्या नातवंडांना कल्पनेतल्या गावाचं वावडं असेल असं मला तरी वाटत नाही.

पूर्ण झाल्यावर आठवडाभर बंद ठेवा. मग मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे खूण करा. मग दोघांना द्या, एक जो असलं वाचतो आणि एक जो कधीच वाचत नाही. "कशी वाटली?" विचारू नका, त्यावर सगळे "छान" म्हणतात. विचारा की कुठे कंटाळा आला, कुठे काही कळलं नाही, आणि सुकतीने पुढे काय करावं असं वाटत होतं. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा दुरुस्त करा. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर तुमचं खरं धरा.

पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा, शब्दमर्यादा पाळा, सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ समजावून सांगू नका, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळ्यातच चौकशी करा, गणपती झाल्यावर जागा राहत नाही. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका, संपादक चिडतात आणि ते बरोबरच आहे. दोन-तीन महिने काही कळलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा, तरीही उत्तर नसेल तर कथा मागे घेतल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा, आणि मधल्या काळात जानकाकूच्या बाजूने तीच रात्र लिहायला घ्या, गाव तयारच आहे.